मास्तर दुसऱ्यांदा मिस्तीवर जातात

आरेकिपात 'आमचा मिस्ती' असं न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असो की बसच्या दाराला लटकलेला, सकाळी आधी त्या ज्वालामुखी डोंगराकडे बघणार आणि मग कामाला लागणार. डोंगरावर ताजं बर्फ पडलं की गावातली माणसं विनाकारण एकमेकांवर खेकसतात, आणि कुणी जाब विचारलाच तर "बर्फ चढलंय रे डोक्यात" म्हणून मोकळी होतात. समोरचाही समजुतीनं मान डोलावतो. इतकं प्रेम. पण त्या डोंगराच्या माथ्यावर प्रत्यक्ष पाय ठेवून आलेला माणूस शोधायला निघालात तर चपला झिजतील. सगळे जाणारच असतात, पुढच्या वर्षी.

उबाल्दो सेगार्रा मास्तर मात्र जाऊन आले होते. निदान गेली बेचाळीस वर्षं ते तसं सांगत होते.

मास्तर भूगोलाचे. अडतीस वर्षं त्यांनी पाउकारपाता भागातल्या एका शाळेत पोरांना नद्या, वारे आणि खंड शिकवले. दरवर्षी मार्चमध्ये शाळा उघडली की पहिल्याच तासाला ते सगळ्या वर्गाला खिडकीकडे तोंड करून बसवायचे. "तो बघा. पाच हजार आठशे बावीस मीटर. तिथं मी उभा राहिलोय." मग 'गरुडाचं घरटं' नावाच्या खडकापाशी केलेला मुक्काम यायचा, वर चढू न देणारी राख यायची, मिशांवर गोठलेला श्वास यायचा आणि सगळ्यात शेवटी माथ्यावरचा लोखंडी क्रूस. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. वर्षभरात शिकवलेल्या नद्या पुढच्या सुट्टीत वाहून जायच्या, मिस्ती तेवढा राहायचा.

खरी गोष्ट अशी, की चोविसाव्या वर्षी मास्तर दोन मित्रांबरोबर निघाले होते आणि गरुडाच्या घरट्यापाशी ओकून ओकून आडवे झाले होते. एका मित्राचं डोकं ठणकून फुटायच्या बेताला आलं, दुसऱ्याचं अवसानच गळालं. तिघांनी त्या खडकावर हात ठेवून शपथ घेतली, की आपण वर जाऊन आलो. पुढं एक मित्र राजधानीत, लिमाला स्थायिक झाला, म्हणजे आरेकिपाच्या हिशेबी वारलाच, आणि दुसरा खरोखरच वारला. खोटं एकट्या मास्तरांचं उरलं. एकट्याचं झाल्यावर त्यांनी ते आणखीच जपलं.

त्या जुलैत मास्तरांच्या मागच्या खोलीत एक तरुण जोडपं भाड्यानं राहिलं होतं. गास्तोन आणि आनाई, उरुग्वेतल्या पायसांदूचे. पाठीवर सॅक टाकून अकरा महिने खंडभर हिंडले होते. आरेकिपा शेवटचं गाव, आणि सोमवारी सकाळची बस पकडून घरी. गास्तोन उंचापुरा, काखेत कायम गरम पाण्याचा थर्मास. त्यांच्याकडचा तो कडू काढा नळीनं ओढल्याशिवाय त्याचं पाऊल उचलत नसे. आनाई बारीक चणीची, पण सगळ्यांच्या चार पावलं पुढं चालणारी. मास्तरांनी पहिल्याच दिवशी दोघांना ताब्यात घेतलं होतं. निवृत्त मास्तराला आयते दोन विद्यार्थी मिळाल्यावर तो काय सोडतो होय? पांढऱ्या दगडाच्या गल्ल्या, सान कामिलोचा बाजार, नदीवरचे पूल, मठाच्या भिंती, रोज चप्पल तुटेस्तोवर पायपीट.

गुरुवारी दुपारी तिघं एका खानावळीत लांब बाकावर इतर गिऱ्हाइकांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. गास्तोनपुढं भरली रोकोतो मिरची आली.

"बिया काढलेल्या असतात ना?" त्यानं विचारलं.

"काढतात, काढतात," मास्तर म्हणाले. "रांधणाऱ्या बायकांना लक्षात राहिलं तर."

पहिल्या घासाला गास्तोनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं आपला मक्याच्या बियरचा पेला त्याच्यापुढं सरकवला. "पी रे बाळा, पी. कुठला तू?"

"उरुग्वेचा," मास्तरांनीच उत्तर दिलं. "यांच्या अख्ख्या देशात सगळ्यात उंच डोंगर केवढा आहे माहितेय का? सांग रे."

"पाचशे चौदा मीटर," गास्तोन नाक पुसत म्हणाला.

"आमच्याकडे त्याला जिना म्हणतात!"

बाकावरचे सगळे हसले. आनाईसुद्धा हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "म्हणूनच मास्तर, आम्ही ठरवलंय. शेवटचे तीन दिवस उरलेत. मिस्तीवर जायचं. आणि तुम्ही आमच्याबरोबर यायचं."

मास्तरांचा घास तसाच गालात राहिला.

"मी? अगं, सहासष्ट वर्षांचा माणूस मी..."

"एका मार्गदर्शकाशी बोलणं झालंय. एफ्राइन म्हणून आहे, तुमचाच विद्यार्थी निघाला! तुमचं नाव काढल्यावर फोनवर ओरडलाच तो. म्हणाला, मास्तर येणार असतील तर मी एक पैसा घेणार नाही."

एफ्राइन. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारा, नकाशे सुरेख काढणारा. मिस्तीवर दोनशे वेळा गेलेला माणूस. मास्तरांना गावातल्या मिरच्यांपैकी सर्वांत तिखट मिरची आपल्याच पोटात गेल्यासारखं वाटलं.

आता एकच आशा होती, बायको. सोइला मिस्तीच्या पायथ्याच्या चिग्वाता गावची, कमी बोलणारी बाई. चौकातल्या कोपऱ्यावर बर्फाच्या लाकडी टबात स्टीलचं भांडं गरागरा फिरवून दूध, खोबरं आणि दालचिनीचं आइस्क्रीम करून विकायची. तिचे दंड अजून एखाद्या गड्याला लाजवतील असे होते. मास्तरांनी संध्याकाळी तिच्यापुढं विषय काढला, तोही असा की तिनं ताबडतोब मना करावं.

"पोरं मागं लागलीत. पण माझे गुडघे..."

"गुडघे बरे आहेत तुझे," सोइला भांडं फिरवत म्हणाली. "रविवारी फुटबॉल बघताना टणाटण उड्या मारतोस."

"थंडी फार असते वर."

"माझा अल्पाकाचा स्वेटर ने."

"आणि या वयात काही झालं तर?"

सोइलानं भांड्याच्या कडेला जमलेला पांढरा थर खरवडला, पेल्यात घातला, वर दालचिनी भुरभुरली आणि पेला त्यांच्या हातात दिला. "एकदा जाऊन आलेल्या माणसाला कसली रे भीती? जा की."

झालं. दोर कापले गेले.

शुक्रवारी तर गावानंच त्यांना डोंगरावर ढकललं. एफ्राइननं कुणाकुणाला सांगितलं देव जाणे, पण जोडप्याला घेऊन मास्तर बाजारात शिरले तर खाटीक सुरा खाली ठेवून बाहेर आला. "मास्तर! दुसऱ्यांदा! या वयात!" बटाटेवाल्या बाईनं आनाईच्या पिशवीत मूठभर कोकाची पानं कोंबली. "गालात धर, पोरी, वर दम लागणार नाही, आणि मास्तरांकडे बघत राहा, त्यांना सगळं ठाऊक आहे." टोपीवाल्यानं पैसे न घेता लोकरी टोपी दिली. गास्तोन आणि आनाईला त्या दिवशी जे आरेकिपा दिसलं ते कुठल्या नकाशात नव्हतं. दर दहा पावलांवर मास्तरांचा एक विद्यार्थी, कुणी टक्कल पडलेला, कुणी कडेवर पोर घेतलेली, आणि प्रत्येकाला ती गोष्ट पाठ. आनाईचे डोळे चमकत होते. "मास्तर, तुम्ही तर इथले राजे आहात," ती म्हणाली. मास्तर कसंनुसं हसले. उद्या-परवा या सगळ्यांना काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता.

शनिवारी जीपमध्ये एफ्राइननं मागं वळून विचारलं, "मास्तर, तुम्ही तेव्हा कुठल्या वाटेनं गेला होतात? शाळेत सांगितलंत त्यावरून मला कधी नीट कळलंच नाही."

"जुनी वाट होती," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दोन हजार एकच्या भूकंपात ती वाटच गेली."

"असेल," एफ्राइन म्हणाला. त्या भूकंपात मोठ्या चर्चचा मनोरा पडला होता, तिथं एक वाट काय.

जीप सोडल्यावर चढ सुरू झाला. तुसासारखं गवत, मग दगड, मग नुसती राख. गास्तोन काखेतला थर्मास सोडायला तयार नव्हता. "हे काय पोराला घेतल्यासारखं घेतलंयस?" एफ्राइन म्हणाला. "वर पाणी उकळलं तरी नीट तापत नाही." "म्हणून तर खालून गरम घेऊन आलोय," गास्तोन म्हणाला. आनाई पुढून ओरडत होती, "या ना! या!" मास्तर दर वळणाला मोजून श्वास घेत होते. ओकारी कधी येते याची वाट बघत होते. ती येईना. दुपार कलताना एक मोठा काळा खडक दिसला आणि मास्तरांनी काठी टेकली. तोच. गरुडाचं घरटं. बेचाळीस वर्षांत खडक तसूभर हललेला नव्हता. त्याच्यावर हात ठेवून तीन पोरांनी शपथ घेतली होती, त्यातला एकच इथं उभा होता आणि चक्क भूक लागली होती त्याला.

तंबूत सूप प्यायल्यावर आनाई म्हणाली, "तुम्हाला आधीचं सगळं आठवत असेल ना, मास्तर?"

"इथपर्यंतचं सगळं," मास्तर म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी मिस्तीबद्दल खरं वाक्य उच्चारलं होतं.

रविवारी उजाडलं तेव्हा ते खूप वर आले होते. सूर्य पलीकडून उगवला आणि अख्ख्या डोंगराची सावली त्रिकोणी होऊन खालच्या गावावर, शेतांवर, पार क्षितिजापर्यंत पडली. "आपण तिथं आहोत! त्या टोकावर!" आनाईनं सावलीकडे बोट दाखवलं आणि हात हलवला, जणू सावलीतल्या माणसानं उलट हात हलवावा. गास्तोन हसायला गेला, पण त्याला दम पुरला नाही. मास्तरांच्या छातीत भाता चालला होता. पाय राखेत रुतत होते, वर जायला टाकलेला पाय पुन्हा जुन्याच जागी येत होता. एवढं एक त्यांनी पोरांना बरोबर सांगितलं होतं.

एका दगडावर ते बसले ते उठेचनात. एफ्राइन शेजारी उकिडवा बसला. त्यानं मास्तरांच्या बुटांची नाडी पुन्हा बांधली, लहान पोराची बांधावी तशी.

"मास्तर, इथंच थांबलात तरी चालेल. आणखी तासाभराचं आहे, पण तुम्हाला काय गरज? तुम्ही एकदा जाऊन आलायत. मी यांना वर नेऊन आणतो, तोवर इथं उन्हात बसा. खाली कुणी काही म्हणणार नाही."

इतका सोपा दरवाजा कुणी आजवर मास्तरांपुढं उघडला नव्हता. बसायचं फक्त. मान राहिली असती, गोष्ट राहिली असती, गुडघेही राहिले असते. मास्तरांनी वर बघितलं. कड्याच्या वर कसलीशी काळी रेघ दिसत होती, ती क्रूसाची की दगडाची ते त्यांना सांगता येईना. बेचाळीस वर्षं ज्या जागेचं वर्णन केलं, ती आपल्याला ओळखता येत नाही, या गोष्टीचा त्यांना असा काही राग आला की ते काठी टेकून उभेच राहिले.

"चल," ते म्हणाले.

"मास्तर, ऐका..."

"एफ्राइन सेर्वान्तेस मामानी," मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "पुढं हो."

एफ्राइन पुढं झाला. पुढची वाट मास्तरांना नवीन होती, पाऊल न् पाऊल नवीन. कुठं वळायचं ठाऊक नाही, पुढं काय येईल ठाऊक नाही. दम लागून डोळ्यांपुढं काजवे चमकत होते आणि तरी पोटात काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं होत होतं, सुट्टीच्या आदल्या दिवशी पोरांना होतं तसं. गास्तोन मागून त्यांची सॅक ढकलत होता, आनाई पुढून हात देत होती. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. मग अचानक पुढं चढायला काही उरलंच नाही.

वारा असा होता की एकमेकांच्या कानात ओरडावं लागत होतं. विवरातून गंधकाचा वास येत होता, सडक्या अंड्यांसारखा. क्रूस मास्तरांनी सांगितला होता त्याच्या दुप्पट मोठा होता, गंजलेला, आणि त्याला कुणाकुणाच्या चिंध्या, माळा, एक लहान मुलाचा मोजासुद्धा बांधलेला होता. मास्तरांनी हातमोजा काढून त्या लोखंडाला हात लावला. लोखंड इतकं थंड होतं की बोटं चिकटतील. आणि मास्तर रडायला लागले. आवाज काढून, नाक ओढत, म्हातारपणाची लाज न बाळगता.

आनाईनं त्यांना मिठी मारली. तीही रडत होती, तिचे अकरा महिने आज संपत होते. "दुसऱ्यांदाही इतकं भरून येतं?" तिनं कानाशी ओरडून विचारलं.

मास्तरांनी हातमोजा परत चढवला आणि खालच्या वाटेकडे बोट दाखवलं.

उतरताना चौघांनी राखेतून अक्षरशः उड्या घेतल्या. वर जायला जो चढ तासन् तास खातो तो खाली येताना पाय लांब टाकत पळायचा. गास्तोन थर्मास डोक्यावर धरून आरोळ्या ठोकत होता. मास्तर दोनदा पडले, दोनदा हसत उठले, दाढीमिशा राखेनं करड्या झाल्या. सहासष्ट वर्षांत इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. लग्नात झाला होता, पण तेव्हा बूट चावत होते.

जीपमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता हे सांगायचं कुणाला? जो भेटेल त्याला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी वर गेलो, मी मिस्तीवर गेलो. आणि जो भेटेल तो म्हणणार होता, हो मास्तर, ठाऊक आहे की. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आपणच बेचाळीस वर्षांपूर्वी शिळी करून ठेवली होती. मास्तर वाटभर खिडकीतून मागं डोंगराकडे बघत राहिले. थकलेत बिचारे, असं समजून गास्तोननं त्यांच्या गळ्याभोवती आपला मफलर गुंडाळला.

घराच्या अंगणात सोइलानं रविवारचा डुकराचा रस्सा मोठ्या पातेल्यात गरम ठेवला होता. खाटीक आला होता, टोपीवाला आला होता, शेजारपाजार जमला होता. टाळ्या पडल्या. पेले भरले गेले. पोरांना निरोप द्यायचा होता, मास्तरांचा सत्कार करायचा होता, आणि पाव रश्शात बुडवून खायचा होता, यातलं जास्त महत्त्वाचं काय ते सांगायला नको.

"मास्तर, खरं सांगा," खाटीक तोंडात घास घेऊन म्हणाला, "पहिल्या खेपेला थंडी जास्त होती की आता?"

"पहिली खेप नव्हतीच!" मास्तर म्हणाले. पेला त्यांनी असा आपटला की अर्धा सांडला. "ऐका सगळे. मी आज पहिल्यांदा गेलो. तेव्हा गरुडाच्या घरट्यावरनं परत आलो होतो. मी खोटं बोललो. बेचाळीस वर्षं खोटं बोललो. आज गेलो, आज! काय वारा आहे तिथं, काय..."

खाटकानं तोंडातला घास गिळला. मग खाटीक हसला, आणि त्याच्यामागून अंगण हसलं.

"मास्तर म्हणजे ना!" टोपीवाला म्हणाला. "आता विनय दाखवतायत."

"उंचीवरनं आलं की होतं असं," एफ्राइन हलकेच गास्तोनला म्हणाला. "उद्यापर्यंत उतरेल. माझ्या मास्तरांमुळं मी डोंगरावर गेलो, ते कसे नसतील गेले?"

"गाढवांनो, मी खरं सांगतोय!" मास्तर लालबुंद होऊन ओरडले.

"बर्फ चढलं, बर्फ चढलं," शेजारीण लाडानं म्हणाली आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला.

मास्तर उठले आणि लंगडत आतल्या पडवीत जाऊन बसले. बाहेर गाणी सुरू झाली होती. मागच्या खोलीतून गास्तोन आणि आनाई सॅक भरता भरता भांडल्याचे आवाज येत होते, थर्मास वर ठेवायचा की खाली. थोरल्या थोरल्या लोकांनी खोटं पचवलं म्हणतात. मास्तरांना आज खरं पचवून घेणारा एक माणूस मिळेना. त्यांना रडावं की ओरडावं कळेना.

सोइला घंगाळात कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून घेऊन आली. खाली बसली. त्यांचे बूट काढले, मोजे सोलल्यासारखे ओढून काढले. पाय फुगून पावासारखे झाले होते.

"पहिल्या खेपेला असेच सुजतात," ती म्हणाली. "माझे तर आठ दिवस उतरले नव्हते."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "तुझे?"

"सतरा वर्षांची होते. चिग्वाताची आम्ही सगळी पोरं पाद्रीबाबांबरोबर क्रूसापाशी प्रार्थनेला गेलो होतो."

"म्हणजे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा..."

"तेव्हाच कळलं. तू म्हणालास, वर अगदी शांत असतं."

मास्तरांचा एक पाय घंगाळात होता, दुसरा अजून बाहेरच. बाहेर कुणीतरी चुकीच्या सुरात गात होतं. "मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं?"

"काय बोलू?" सोइला त्यांची टाच चोळत म्हणाली. "मला वरचं काय आठवत होतं? थंडी, आणि पुढच्या पोराच्या पँटचं बूड. तो डोंगर कसा आहे ते मला तू सांगितलंस. मला ऐकायला आवडायचं." तिनं दुसरा पाय उचलून पाण्यात सोडला. "आता तू गेलायस. सांग, कसं होतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढं सगळं होतं, सावली, वारा, तो गंजलेला क्रूस आणि त्याला बांधलेला लहान मोजा. पण बेचाळीस वर्षं घडाघडा वाहणारी गोष्ट कुठं गेली ते समजेना.

"मोठं होतं," ते शेवटी म्हणाले. "सोइला, फार मोठं होतं."

"हां," सोइला म्हणाली. "आता बरोबर."